पालेर्मो पायी आणि पोटभर : मार्ग, वेळा, खाऊगाड्या, शाकाहार

बंदरवाट

इटलीच्या सिसिली बेटावरच्या पालेर्मोत बहुतेकांचा दिवस फसतो तो घड्याळामुळे. निवांत न्याहारी करून अकराला राजवाड्याच्या रांगेत उभं राहायचं, दीडला बाहेर पडायचं, तोवर बाजारातला पहिला जोर ओसरलेला आणि चर्चना कुलूप. मग साडेतीन-चारपर्यंत उन्हात वणवण. सातला जेवायला बसावं म्हटलं तर साडेसात-आठशिवाय स्वयंपाकघर सुरू होत नाही. म्हणून खालचा मार्ग कढई कधी तापते आणि दार कधी उघडतं या हिशोबाने लावला आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी इतरत्र भरपूर मिळेल.

इतिहास चार ओळींत. बंदर फिनिशियनांनी वसवलं. ८३१ मध्ये अरबांनी घेतलं आणि पुढे ते त्यांच्या सिसिलीची राजधानी झालं. १०७२ मध्ये नॉर्मन आले. ११३० च्या नाताळाला दुसऱ्या रॉजरचा इथे राज्याभिषेक झाला. या रॉजरने अरब कारागीर, ग्रीक कारभारी आणि लॅटिन पाद्री असे सगळे एकाच दरबारात ठेवले. ‘अरब-नॉर्मन पालेर्मो’ म्हणून ज्या नऊ वास्तू २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यांतल्या सात शहरात आहेत, उरलेल्या दोन म्हणजे मोन्रेआले आणि चेफालूची कॅथीड्रल. ऊस, लिंबूवर्गातली फळं आणि पाटाच्या पाण्याची शेती अरबांच्या काळात रुजली. आजच्या ताटातला आंबटगोडपणा, मनुका आणि केशर त्याच थरातले.

पहिला दिवस, सकाळ (चाल सुमारे अडीच किलोमीटर, सगळा उतार)

साडेआठला नॉर्मन राजवाड्याच्या दारात हजर. काप्पेला पालातिना हे राजाचं खासगी प्रार्थनागृह. काम ११३२ ला सुरू झालं, ११४० ला अभिषेक झाला. भिंतींवर बायझंटाइन मोझेक आहे आणि वर लाकडी छत, तेही मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं, मशिदींत असतं तसं. लोक मोझेक बघून बाहेर पडतात. छत नीट बघायचं तर छोटी दुर्बीण न्या, कारण त्यावर रंगवलेले वादक, पेयपान करणारे दरबारी आणि प्राणी साध्या डोळ्यांना लागत नाहीत. खांदे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी मिससाठी मध्ये बंद असतं. राजाचे वरचे महाल मंगळ ते गुरुवार सहसा बंद, कारण त्याच इमारतीत सिसिलीची विधानसभा भरते. दोन्ही बघायचं असेल तर शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार धरा.

तिथून पाच मिनिटांवर लाल घुमटांचं सान जोवान्नी देल्यी एरेमीती. मग व्हिया पोर्ता दी कास्त्रो या गल्लीने खाली उतरायचं. ही गल्ली म्हणजे बुजवलेल्या केमोनिया नदीचं पात्र, म्हणून तिचा उतार इतका सरळ आहे. ती थेट बाल्लारो बाजारात नेऊन सोडते. दहा-साडेदहाला पोचलात तर पहिला घाणा सुरू असतो.

खायचा क्रम महत्त्वाचा. आधी पानेल्ले (हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या पातळ वड्या) आणि क्रोक्के (बटाट्याचे लांबट तळलेले रोल, आत पुदिना किंवा पार्सली). मग स्फिंचोनेचा (टोमॅटो-कांदा घातलेला जाड पाव) एक तुकडा. मग फळं. अरांचीना (सारण भरून तळलेला भाताचा गोळा) पहिली खाऊ नका. एक साधारण २०० ग्रॅमची असते, दोन म्हणजे पुरतं जेवण. दोघांत एक घेतली तरच पुढे पोटात जागा राहते.

बाजारातून कासा प्रोफेस्सा (आतून रंगीत संगमरवराची जडावाची कामं, बारोक शैली म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं), मग व्हिया माक्वेदा ओलांडून पियाझ्झा बेल्लिनी. इथे तीन वास्तू एकाच चौकात आहेत. पहिली मार्तोराना. ती ११४३ मध्ये रॉजरचा नौदलप्रमुख अँटिओकचा जॉर्ज याने बांधवली आणि तिच्यात ख्रिस्त स्वतः रॉजरला मुकुट घालतोय असं मोझेक आहे. शेजारी तीन लाल घुमटांचं सान कातालदो. समोर सांता कातेरीनाचा मठ, त्याच्या अंगणात मठांच्या जुन्या कृतींची मिठाई विकतात. दुपारी एकच्या सुमाराला चर्च बंद होतात, तेव्हा साडेबाराच्या आत मार्तोराना उरका आणि मिठाईला शेवटी जा.

दुसरा दिवस

पोर्ता कारीनी या वेशीतून कापो बाजार. बाल्लारोपेक्षा अरुंद आणि रचनेला नेटका, मासळी आणि भाजी दोन्ही चांगली. सोमवारी मासळी कमी असते, कारण रविवारी होड्या जात नाहीत. बाजारातच इम्माकोलाता कोन्चेत्सिओने हे चर्च आहे. बाहेरून काहीच वाटत नाही, म्हणून माणसं सरळ पुढे निघून जातात. तिथून कॅथीड्रल (११८५). आतल्या जमिनीवर पितळी मध्यान्हरेषा आहे. ती बसवणारा खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी, ज्याने १ जानेवारी १८०१ रोजी याच शहरातून सेरेस हा बटुग्रह शोधला. माध्यान्हीच्या सुमाराला तिथे असलात तर छतातल्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका रेषेवर सरकताना दिसतो. छतावर जायचं तिकीट वेगळं आहे आणि ते घ्यावंच.

संध्याकाळी काल्सा (समुद्राकडची जुनी वस्ती) आणि वुच्चिरीया (जुना बाजार). त्याबद्दल कुणीतरी विचारेलच, तेव्हा लिहितो.

---

निव्वळ_शाकाहारी

उत्तम धागा. पण शाकाहाऱ्यांनी नक्की काय खायचं? इटलीत ‘भाजीचं आहे’ म्हणून देतात आणि आत मासा निघतो, हे बऱ्याच जणांच्या तक्रारीत वाचलंय.

---

मिलानकर

पालेर्मोत हे अगदी खरं आहे. पदार्थागणिक लिहितो.

पानेल्ले : पीठ, पाणी, मीठ, पार्सली. प्रश्न फक्त कढईचा. त्याच तेलात मासळी किंवा अरांचीना तळतात का, ते नजरेने बघा. फक्त पानेल्ले-क्रोक्केची गाडी निवडली की हा प्रश्न सुटतो.

पाव : पानेल्ले भरून देतात तो तिळाचा मऊ पाव काही ठिकाणी चरबी घालून करतात. विचारायचा शब्द ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी. ‘सेंत्सा स्त्रुत्तो?’ एवढं पुरतं.

अरांचीना ‘आल बुर्रो’ : सर्वांत मोठा सापळा हाच. बुर्रो म्हणजे लोणी, म्हणून शाकाहारी समजून घेतात. आत चीजबरोबर हॅमचे तुकडे असतात. ‘आल रागू’त खिमा आणि मटार, बहुधा गोमांस किंवा डुकराचं मिश्रण. काही दुकानांत पालकाची मिळते, ‘आल्यी स्पिनाची’, ती विचारून घ्या.

स्फिंचोने : जाड, जाळीदार पाव, वर टोमॅटो, भरपूर कांदा, काच्योकावाल्लो चीज, पावाचा चुरा, ओरेगानो. आणि अँकोव्ही मासा, विरघळलेला, डोळ्यांना न दिसणारा. वरून वेचून काढता येत नाही. बाघेरीया गावचा पांढरा स्फिंचोने टोमॅटोशिवाय असतो, मासा त्यातही असतो.

‘ब्रोक्कोली आर्रिमिनाती’ पास्ता : पालेर्मोत ब्रोक्कोली म्हणजे फ्लॉवर. मनुका, चिलगोजे, केशर, सगळं छान, पण अँकोव्ही इथेही.

कापोनाता : वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर, टोमॅटो, व्हिनेगर, साखर. बहुतेक वेळा निर्धोक. काही घरगुती प्रकारांत मासळी पडते, म्हणून विचारा. ती गरम मागू नका. कोमट किंवा गारच खातात आणि दुसऱ्या दिवशीची जास्त चांगली लागते.

कान्नोली : तळलेल्या कुरकुरीत नळीत गोड रिकोट्टा (मऊ ताजं चीज) भरलेली मिठाई. कवचाच्या पिठात पारंपरिक पद्धतीत चरबी असते आणि तळणही कधी चरबीत. शिवाय मार्साला वाइन. आतलं रिकोट्टा मेंढीच्या दुधाच्या निवळीचं. जे प्राणिज विरजणाचं चीज खात नाहीत त्यांच्यासाठी रिकोट्टाही बाद, कारण निवळी त्याच विरजणाने केलेल्या चीजमधून निघते.

उन्हाळ्यात गेलात तर ‘तेनेरूमी’ चुकवू नका. हे लांब सिसिलियन दुधीचे कोवळे शेंडे आणि पानं. आपल्या दुधीचीच जात, लागेनारिया सिसेरारिया. लसूण-टोमॅटोत शिजवून तुकडे केलेल्या स्पागेत्तीबरोबर पातळसर देतात, वर चीज. कडक उन्हातही कोमट खातात. साधारण जून ते सप्टेंबर. पर्यटकांच्या मेन्यूवर क्वचितच असते, घरगुती खानावळीत (त्रात्तोरीया) दुपारी विचारा.

---

तव्यावरची

पानेल्ले म्हणजे आपली पाटवडी, फोडणी न दिलेली आणि तळलेली. बेसन घरात असतंच. कृती द्याल का कोणी?

---

खमंग_खानावळ

देते. मोजमाप : ५०० ग्रॅम हरभऱ्याचं पीठ, दीड लिटर थंड पाणी, १०–१२ ग्रॅम मीठ, मूठभर बारीक चिरलेली पार्सली, मिरपूड. हळद, जिरं, हिंग नाही. घातलं तर चव चांगली येईल, पण ते पानेल्ले नाहीत.

१. पीठ चाळा. थंड पाण्यात थोडं थोडं घालत फेटा. गरम पाण्यात घातलंत तर गुठळ्या होतील आणि त्या शेवटपर्यंत मोडणार नाहीत. मिश्रण गाळून घेतलं तर उत्तम.

२. जाड बुडाच्या भांड्यात मध्यम-मंद आचेवर सतत ढवळा. दहा मिनिटांत घट्ट होतं आणि इथेच सगळे थांबतात. थांबू नका. एकूण २०–२५ मिनिटं लागतात. मिश्रण भांड्याची कड सोडून एकत्र गोळा होऊ लागलं आणि कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. पार्सली शेवटी.

३. गॅस बंद केल्या केल्या थापा. पाच मिनिटं इकडेतिकडे गेलात तर भांड्यातच घट्ट होतं. ताटाच्या पाठीवर पातळ पसरवतात, साधारण ४–५ मिलिमीटर. तिकडे नक्षीच्या लाकडी साच्यातही थापत.

४. पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. मग चौकोन किंवा त्रिकोण कापा.

५. भरपूर तेलात, साधारण १८० अंशांवर, वरचं कवच सोनेरी होईपर्यंत. पीठ, रवा, ब्रेडक्रम्स काही लावायचं नाही.

बिघडतं कुठे : तेलात मोडली तर पीठ कमी शिजलंय. बाहेरून करपून आत लगदा राहिला तर जाड थापलंय. तेल फार उडालं तर वड्या ओल्या आहेत, फडक्याने टिपा. तेलकट झाल्या तर तेल थंड होतं, किंवा एकदम जास्त सोडल्या. बेसन जुनं-नवं, जाडं-बारीक असेल तसं पाणी थोडं बदलतं. १:३ ने सुरू करा. सैल वाटलं तर आणखी शिजवा, वरून पीठ घालू नका.

पावात घालताना लिंबू पिळायचं. लिंबू नसेल तर सगळं कोरडं कोरडं लागतं.

---

घाटमाथा

एक वेगळं मत. फूड टूर घ्यायची गरज नाही. बाल्लारोत सगळं उघड्यावर आहे, बोट दाखवलं की मिळतं. टूरवाले बारा-पंधरा माणसं घेऊन अरुंद गल्लीत उभे राहतात, गिऱ्हाइकांची वाट अडते आणि दुकानदार वैतागतात. वरचा मार्ग घेऊन स्वतः फिरा, चौथ्या हिश्शाच्या खर्चात होतं.

---

मिलानकर

घाटमाथा, पानेल्ले आणि अरांचीनासाठी तुमचं बरोबर. पण मांसाहारींसाठी पालेर्मोचा अर्धा खजिना म्हणजे आतड्या-कातड्याचे पदार्थ, आणि तिथे सोबत जाणकार माणूस असला तर फरक पडतो. ‘फ्रित्तोला’ घ्या. वासराच्या मांसाचे राहिलेले तुकडे आणि कूर्चा उकळून परततात आणि फडक्याने झाकलेल्या टोपलीत ठेवतात. विक्रेता आत हात घालून काढून देतो. काय आलं ते खाऊनच कळतं. एकटा माणूस तिथे थांबतच नाही.

‘पानी का मेउसा’ हा सगळ्यांत नावाजलेला : गोवंशाची प्लीहा आणि फुफ्फुस आधी उकडून, काप करून, मग चरबीत परतून गोल पावात. (गोमांस न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, फलकावर लिहिलेलं नसतं.) दोन प्रकार. ‘स्केत्तू’ म्हणजे अविवाहित, फक्त लिंबू. ‘मारितातू’ म्हणजे लग्न झालेला, वर रिकोट्टा आणि काच्योकावाल्लो. या पदार्थाचं मूळ पालेर्मोच्या ज्यू खाटकांपर्यंत नेतात. कापणीच्या मोबदल्यात पैसे न घेता आतले अवयव घ्यायचे आणि ते शिजवून विकायचे, अशी परंपरागत हकिकत. १४९२ च्या हुकुमाने ज्यूंना सिसिली सोडावी लागली, पदार्थ राहिला. त्यांच्या जुन्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्या आजही इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. व्हिया माक्वेदाच्या पूर्वेकडे मार्तोरानाच्या मागे चालत गेलं की दिसतात.

‘स्तिग्ग्योला’ : कोकराची आतडी कांद्याच्या पातीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर. संध्याकाळचा पदार्थ, सकाळी शोधू नका. धूर दिसेल तिकडे जा.

टूर घ्यायचीच असेल तर आधी चार प्रश्न विचारा. गटात जास्तीत जास्त किती जण? (आठच्या वर असेल तर सोडा.) सुरुवात किती वाजता? (अकरानंतरची सकाळची टूर उपयोगाची नाही.) शाकाहाऱ्याला पर्यायी पदार्थ मिळतो की फक्त तो थांबा गळतो? आणि खाणं किमतीत धरलंय का? साधारण तीन तास, अडीच-तीन किलोमीटर. न्याहारी न करता जा.

आणखी एक. दुकानांच्या दारावर ‘आद्दियोपित्सो’चं स्टिकर दिसेल. माफियाला खंडणी न देणाऱ्या व्यावसायिकांची ही चळवळ २००४ मध्ये सुरू झाली. त्यांच्याशी जोडलेल्या चालत्या सहलीही आहेत. खाण्याबरोबर शहराचा अलीकडचा इतिहास ऐकायचा असेल त्यांनी ती निवडावी.

---

घाटमाथा

फ्रित्तोलाचा मुद्दा मान्य. आठच्या गटाचाही. पंधराच्या गटाबद्दल मत कायम.

---

दगडधोंडे

‘मार्तोराना’ नावाची मिठाईपण असते ना? तिचा चर्चशी संबंध आहे?

---

बंदरवाट

हो, ‘फ्रुत्ता मार्तोराना’. बदामाची पूड आणि साखर यांची फळं, हुबेहूब रंगवलेली. त्या चर्चला लागून असलेल्या मठातल्या नन्स करत, म्हणून ते नाव. २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या दिवसाच्या आसपास दुकानं भरून जातात, मुलांना भेट देतात. शाकाहाऱ्यांनाही सहसा चालते, पण फार गोड. एक फळ चौघांत.

कान्नोलीबद्दल राहिलेलं : आधीच भरून काचेत ठेवलेलं घेऊ नका. रिकोट्टाच्या ओलाव्याने कवच तासाभरात मऊ पडतं. मागितल्यावर समोर भरून देतो तोच घ्या. कवचावर फोड आलेले हवेत, गुळगुळीत कवच म्हणजे पीठ नीट मुरलेलं नाही. पालेर्मोत टोकाला पाकवलेल्या संत्र्याच्या सालीची पट्टी असते. मेंढीचं दूध हिवाळा-वसंतात भरपूर आणि चांगलं, म्हणून कान्नोलीही डिसेंबर ते मे सरस. ऑगस्टमध्ये कलिंगडाचं ‘जेलो’ खा. कलिंगडाचा रस स्टार्च घालून घट्ट केलेला, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला. त्यात जिलेटिन नसतं, पण विचारलेलं बरं.

---

बारामतीकर

स्फिंचोने तीनचाकीवरून विकतात म्हणे?

---

मिलानकर

हो, ‘लापा’, म्हणजे पियाज्जिओची आपे. तुमच्या बारामतीच्या कारखान्यात बनते तिचीच इटालियन बहीण. मागे काचेचं कपाट, भोंग्यावर ध्वनिमुद्रित आरोळी. त्यातली प्रसिद्ध ओळ स्वतःचीच थट्टा करणारी : तेल कमी आणि धूळ भरपूर! बाजारातल्या आरोळ्यांना ‘आब्बान्नियाता’ म्हणतात. बाल्लारोत त्या अजून ऐकू येतात, सूर ऐकून अरबी बाजाराची आठवण यावी अशा. लापावरचा स्फिंचोने सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी घ्या. दुकानात तुकडा पुन्हा भट्टीत घालून देतात, तसं करवून घ्याच. गार स्फिंचोने म्हणजे ओला पाव.

---

खडीसाखर

वुच्चिरीयाबद्दल लिहिणार होता. फोटोत तर भारी दिसतो. सकाळी जावं का?

---

बंदरवाट

सकाळी जाऊ नका. रेनातो गुत्तुसोने १९७४ मध्ये ज्या बाजाराचं चित्र काढलं, तो गच्च भरलेला बाजार आता तिथे नाही. दिवसा मोजके गाळे, रात्री टेबलं, निखारे आणि मोठ्याने संगीत. मूळ चित्र मात्र बघायला मिळतं, पियाझ्झा मारीनातल्या स्तेरी वाड्यात. त्याच वाड्यात इन्क्विझिशनच्या (पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) कोठड्या आहेत आणि भिंतींवर कैद्यांनी काढलेली चित्रं, कविता, नकाशे. ही भेट फक्त गाईडबरोबर, ठरावीक वेळेला.

संध्याकाळचा क्रम असा : चारला सान लोरेन्झोचं प्रार्थनागृह. इथून १९६९ च्या ऑक्टोबरात काराव्हाज्जोचं ‘जन्म’ हे चित्र चोरीला गेलं, ते आजवर सापडलं नाही. २०१५ पासून जागेवर प्रतिकृती आहे. भिंतींवरचं शिल्पकार सेर्पोत्ताचं गचकाम त्या चित्राइतकंच मोलाचं, पण त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. मग पियाझ्झा मारीना, तिथल्या बागेतला पारंब्यांचा अवाढव्य फायकस (वडाच्या गोतातला), मग पालात्सो आबातेल्लिस. तिथे ‘मृत्यूचा विजय’ हे भलंमोठं भित्तिचित्र आणि चित्रकार आंतोनेल्लोची मरिया. संग्रहालयाच्या वेळा बदलतात, रविवारी दुपारी बंद असण्याची शक्यता धरा. साडेसातनंतर वुच्चिरीया : स्तिग्ग्योला, उकडलेला ऑक्टोपस. पाकिटं पुढच्या खिशात.

पायांत रबरी तळवे हवेत. जुन्या बाजारांतली फरशी गुळगुळीत झालेली आहे आणि मासळीच्या बर्फाने सतत ओली. ‘वुच्चिरीयाच्या फरश्या वाळतील तेव्हा’ म्हणजे कधीच नाही, अशी तिकडे म्हण आहे. बाजारातली गर्दी कमी झाली आणि फरश्या अलीकडे वाळायला लागल्या, हा भाग वेगळा.

---

नहरवाला

संभाजीनगरकडच्यांसाठी पुरवणी : पालेर्मोच्या खाली ‘कनात’ आहेत. डोंगराकडचं भूजल हलक्या उताराच्या भुयारांतून, मध्ये मध्ये हवा-उजेडाच्या विहिरी ठेवून, फक्त गुरुत्वाने शहरात आणायचं. तंत्र इराणचं, अरबांबरोबर सिसिलीत गेलं. मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीचं तत्त्व तेच. पालेर्मोत काही भाग बघता येतात, पण गाईडशिवाय नाही आणि आगाऊ नोंदणी लागते. हेल्मेट, जलरोधक कपडे, घोट्यापर्यंत किंवा त्याहून जास्त पाणी. जोराचा पाऊस झाला की भेट रद्द, म्हणून मुक्कामाच्या पहिल्या दिवसाची तारीख घ्या, म्हणजे पुढे ढकलता येते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी विचारही करू नये.

ज्यांना भुयार नको त्यांनी त्सीझा वाडा बघावा. ११६५ मध्ये सुरू झालेला राजाचा उन्हाळी महाल. समुद्राकडून येणारा वारा, समोरचं तळं आणि दिवाणखान्यातून वाहणारं पाणी यांनी खोल्या थंड ठेवायची योजना होती. आत ११४९ चा एक स्मृतिलेख आहे, एका पाद्र्याने आपल्या आईसाठी कोरवलेला, चार लिप्यांत : हिब्रू, लॅटिन, ग्रीक, अरबी. कापो बाजारापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं, रस्ता रटाळ, बस घ्या.

---

दगडधोंडे

वा! इब्न हौकल हा अरब प्रवासी याच काळात आला होता ना?

---

बंदरवाट

तो आधीचा. ९७३ च्या सुमाराला आला आणि मशिदींची संख्या, बाजार, वेशी सगळं लिहून ठेवलं. इथल्या माणसांवर मात्र तो खूश नव्हता. कच्चा कांदा खाऊन खाऊन यांची डोकी बिघडली आहेत असं त्याने चक्क लिहिलंय. स्फिंचोनेवरचा कांदा बघितला की परंपरा टिकून आहे असं म्हणावं लागतं.

खाण्याच्या इतिहासासाठी अरब भूगोलकार इद्रीसी जास्त कामाचा. रॉजरसाठी त्याने ११५४ मध्ये जो भूगोल पूर्ण केला, त्यात पालेर्मोच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवरच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ हा वाळवलेला पीठपदार्थ भरपूर बनतो आणि जहाजं भरून बाहेर जातो, अशी नोंद आहे. मार्को पोलो जन्माला यायला तेव्हा शंभर वर्षं होती. त्याने चीनहून पास्ता आणला, ही गोष्ट गाईडने सांगितली तर हे आठवा.

---

खडीसाखर

मोन्रेआले अर्ध्या दिवसात होतं का? आणि कोणते महिने चांगले?

---

घाटमाथा

होतं. राजवाड्यासमोरच्या पियाझ्झा इंदिपेन्देन्झावरून ३८९ क्रमांकाची बस, अंतर सात-आठ किलोमीटर, पण बस वेळेवर येईल असं धरू नका. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून (ताबाक्की) घ्या आणि चढल्यावर यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड होतो. सकाळी पहिल्या बसने जा. तिथेही दुपारी दार बंद व्हायची शक्यता असते. मठाच्या अंगणातले २२८ खांब चुकवू नका, तिकीट वेगळं आहे.

महिने : एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आफ्रिकेकडून शिरोक्को वारा सुटला की चालणं अशक्य. अपवाद १४ जुलैच्या रात्रीचा, सांता रोझालियाचा उत्सव. १६२४ च्या प्लेगमधून शहर तिने वाचवलं ही श्रद्धा. रथ कॅथीड्रलपासून कास्सारो रस्त्याने समुद्राकडे जातो, खायला लहान गोगलगायी, लसूण-पार्सलीत परतलेल्या. गर्दी प्रचंड. त्या रात्रीची खोली बरीच आधी बघा, आणि कास्सारोवरची नको, झोप मिळणार नाही.

---

निव्वळ_शाकाहारी

आमचं डिसेंबरचं ठरतंय, १३ तारखेला तिथे असू. काही विशेष?

---

खमंग_खानावळ

१३ डिसेंबर म्हणजे सांता लुचिया या संत स्त्रीचा सण. तुमच्यासाठी दिवस अर्धा चांगला, अर्धा अवघड. १६४६ च्या दुष्काळात या दिवशी धान्याचं जहाज बंदरात आलं, लोकांनी दळण्याचीही वाट न पाहता गहू उकडून खाल्ला अशी कथा. म्हणून त्या दिवशी पालेर्मोत गव्हाचं पीठ वर्ज्य, पाव नाही आणि पास्ताही नाही. शहरभर अरांचीना खातात, दुकानांसमोर सकाळपासून रांगा. पालकाची हवी असेल तर अकराच्या आत जा, लोणी आणि रागूच्या ढिगात ती आधी संपते.

तुमचा पदार्थ ‘कुच्चीया’ : तीनेक दिवस भिजवलेला अख्खा गहू उकडून, गोड रिकोट्टात कालवून, वर चॉकलेटचे तुकडे आणि पाकवलेली फळं. मिठाईच्या दुकानात वाटीत मिळते. गहू दाताखाली लागला पाहिजे. लगदा झाला असेल तर जास्त शिजवलाय. पानेल्लेही मिळतील, पण त्या दिवशी नुसत्या खायच्या, वर लिंबू पिळून. पाव मागू नका.